सातदऱ्याची गया : एका काल्पनिक स्नायपरचं आयुष्य उभं करताना

परभणी जिल्ह्यातल्या, गोदाकाठच्या एका तरुण लेखकाची ही पहिली कादंबरी. कल्पनेतल्या देशात, कल्पनेतल्या युद्धात लढलेल्या एका स्त्री स्नायपरचं लहानपणापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य हा तिचा विषय. काळ १९४० च्या दशकासारखा : बोल्ट ओढून चालवायची रायफल, तिच्यावर साडेतीनपट मोठं दाखवणारी दुर्बीण, निरोपासाठी तारा, ओझ्यासाठी बैलगाड्या. पहिला खर्डा सुमारे ९० हजार शब्दांचा होता. भाषा चांगली, बापलेकीचं नातं तर फारच चांगलं उतरलेलं. तरी वाचणाऱ्या प्रत्येकाने पुस्तक तिसऱ्या प्रकरणाशी, म्हणजे युद्ध सुरू होतं तिथंच, खाली ठेवलं. त्या खर्ड्यात काय बिघडलं होतं, कशामुळे बिघडलं होतं आणि दुरुस्ती कुठून सुरू झाली, त्याचं हे टिपण. लेखकाच्या संमतीने लिहिलं आहे. नाव त्याच्याच इच्छेनुसार दिलेलं नाही.

पहिल्या खर्ड्यात देशाचं नाव वोस्तार आणि नायिकेचं लीना. बर्चची जंगलं, गुडघाभर बर्फ, गोठलेलं तळं. लीना तोंडात बर्फाचा गोळा धरून तासन्‌तास पडून राहते, एका गोळीत एक माणूस पाडते आणि युद्ध संपेपर्यंत तिच्या नावावर ३१२ माणसं जमा होतात.

हे सगळं कुठून आलं ते शोधायला वेळ लागला नाही. फिनलंडचा सिमो हायहा स्नायपरांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी भेटतो. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या काळातल्या हिवाळी युद्धात तो सोव्हिएत फौजेविरुद्ध लढला. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तो तोंडात बर्फ धरायचा. नळीच्या धक्क्याने भुसभुशीत बर्फ उडू नये म्हणून समोरचा बर्फ थापून घट्ट करायचा. दुर्बीण न लावता रायफलच्या नळीवरच्या साध्या माशीवर नेम धरायचा, कारण थंडीत काच धुरकटते, उन्हात ती चमकते आणि दुर्बिणीतून पाहण्यासाठी डोकं थोडं वर काढावं लागतं. उणे २० ते उणे ४० अंशांच्या थंडीत टिकून राहण्यासाठी या माणसाने लावून घेतलेल्या या सवयी आहेत. लीनाच्या तोंडात हायहाचा बर्फ होता आणि रायफलवर मात्र दुर्बीण होती. ३१२ हा आकडा ल्युदमिला पावलीचेंको या सोव्हिएत स्नायपरच्या ३०९ वरून उचलला होता, तोही तीनने वाढवून. दोन खऱ्या माणसांचे कपडे एकीच्या अंगावर चढवले होते आणि आत कुणी नव्हतं.

खर्डा वाचून आम्ही लेखकाला सुचवलं ते एवढंच : युद्ध, राजकारण, शत्रू, सगळं कल्पनेतलं असू दे, जमीन तेवढी तुझ्या पायाखालची घे. त्याने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. ज्वारीची राखण केली आहे, काळ्या रानातल्या भेगांत पाय अडकवून घेतला आहे, मे महिन्यातलं माळरान उघड्या डोक्याने ओलांडलं आहे. हे भांडवल सोडून उसनवारी कशाला?

वोस्तारचा सातदरा झाला, लीनाची गया झाली. त्यानंतर कथानक बदलावं लागेल असं लेखकाला वाटत नव्हतं. ते जवळजवळ सगळं बदललं, आणि बहुतेक ठिकाणी जमिनीने बदलायला लावलं म्हणून बदललं.

शिवार आखणं

दुसरा खर्डा लिहायला घेण्याआधी लेखकाकडून सहा किलोमीटर रुंदीच्या आघाडीचा नकाशा काढून घेतला. पूर्वेला बालाघाटासारखा सपाट माथ्याचा माळ. त्याचा मुरमाड उतार, उतारावर तरवड, बोरी, हिवर. खाली काळी. काळीतून वाकडा जाणारा ओढा, ओढ्याकाठी बाभळी. पश्चिमेला गाव, गावात पांढऱ्या मातीची गढी, आणि गढीत शत्रू. प्रत्येक ठळक खुणेचं अंतर नकाशावर मांडायचं होतं : बांधावरच्या लिंबापासून ओढ्याच्या उतारापर्यंत किती, उतारापासून गढीच्या दरवाजापर्यंत किती. खरे स्नायपर जागा घेतली की पहिलं काम हेच करतात. समोरच्या खुणांचं कच्चं रेखाटन काढून त्यावर अंतरं लिहून ठेवतात, म्हणजे ऐनवेळी अंदाज बांधावा लागत नाही. लेखकाने ही अंतरं आपल्याच शिवारात पावलं मोजून घेतली आणि पुस्तकात गयाच्या तोंडी ती पावलांतच ठेवली. मीटर तिला पलटणीत गेल्यावर कळतात.

गढी पश्चिमेला ठेवल्याबरोबर दिवसाचे दोन भाग पडले. गया माळावरून पश्चिमेकडे पाहते. सकाळी सूर्य तिच्या पाठीशी असतो, गढीच्या भिंतीवर प्रकाश असतो, भिंतीतल्या जंग्यांच्या, म्हणजे गोळी झाडायच्या भोकांच्या, कडा स्वच्छ दिसतात. दुपार कलली की ऊन तिच्या डोळ्यांत येतं आणि दुर्बिणीच्या काचेवर पडतं. काच चमकली की चार-पाचशे मीटरवरून कुणालाही दिसते. म्हणून गढीतले लोक पाणी आणायला, जनावरं हलवायला, जखमी बाहेर काढायला तिसऱ्या प्रहरानंतर निघतात. पहिल्या खर्ड्यात शत्रू लेखकाच्या सोयीने बाहेर पडत होता. आता तो उन्हाच्या हिशेबाने बाहेर पडतो, आणि वाचकालाही तो हिशेब दोन प्रकरणांत कळून जातो.

वर्षाचाही हिशेब तसाच. रब्बीची ज्वारी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरली जाते. डिसेंबर-जानेवारीत हुरड्यावर येते तेव्हा मालदांडीसारखं वाण माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. म्हणजे दोन-तीन महिने शिवारात पलटणच्या पलटण लपू शकते आणि एका पंधरवड्यात सगळं उघडं पडतं. दुसऱ्या खर्ड्यात लेखकाने गयाला उभ्या ज्वारीत बसवलं, आणि तिथं तो पुन्हा चुकला. उभ्या ज्वारीत माणूस दिसत नाही हे खरं, पण आतल्या माणसालाही चार हातांपलीकडचं दिसत नाही. शिवाय आत कुणी सरकलं की वर कणसं हलतात, वाळली पात कुरकुरते. वारा नसताना एकाच ठिकाणची कणसं हलली तर राखण करणाऱ्या पोरालाही कळतं की आत डुक्कर तरी आहे किंवा माणूस. जागा हवी ती पिकाच्या कडेला : बांधावर, बाभळीच्या बुंध्याआड, पुढे दोन-तीन ओळी ज्वारी राहील अशी.

काढणीनंतरचं रान वेगळंच. धसकटं वीतभरही नसतात, पण टोकदार असतात. त्यातून पन्नास मीटर सरपटलं की कोपर आणि गुडघे सोलून निघतात. गया सदऱ्याच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर गोणपाटाचे दुहेरी तुकडे शिवून घेते, हे तिसऱ्या खर्ड्यात आलं. अंगावरचं आच्छादनही गोणपाटाचंच : दोरे उसवून केलेल्या झिरमिळ्या आणि त्यांत खोवलेली जागच्या जागची पात. हिरवा पाला खोवला तर मार्चच्या उन्हात तासा-दोन तासांत तो मलूल होतो आणि भोवतालच्या रंगात बसत नाही, म्हणून वाळलेली पात बरी. कडब्याच्या बुचाडात लपण्याचा प्रसंग मात्र काढून टाकायला लावला. उघड्या रानात एकट्या उभ्या असलेल्या बुचाडावर कुणीही अनुभवी हवालदार सगळ्यात आधी गोळी घालून पाहील.

आणि टिटवी. उघड्या जमिनीवर अंडी घालणारा हा पक्षी उन्हाळ्यात जवळ आलेल्या कुणालाही सोडत नाही; डोक्यावर घिरट्या घालत, ओरडत राहतो. माळावर सरपटणाऱ्या माणसाला टिटवीपेक्षा मोठा वैरी नाही. टिटवी दोन्ही बाजूंना सारखीच सांगते, म्हणून गयाला येणाऱ्याची चाहूलही तीच देते. या एका पक्ष्याने लेखकाला चार प्रसंग दिले.

काळ्या जमिनीचे आणखी दोन गुण उपयोगी पडले. उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा चार-चार बोटं रुंद आणि हातभर खोल असतात. झाडलेल्या काडतुसाचं पितळी टरफल बोल्ट ओढल्यावर उडतं आणि भेगेत जातं. ते काढता येत नाही. जागा सोडताना मागे काही ठेवायचं नाही हा नियम गयाला पाठ आहे, आणि टरफल हात घालूनही लागत नाही. शत्रूला ते सापडतं की नाही, यावर लेखकाने एक अख्खं प्रकरण उभं केलं. पावसाळ्यात हीच माती बुटाला किलोकिलोने चिकटते. पावलाचा ठसा दुसऱ्या पावसापर्यंत राहतो आणि गाड्या रुततात. म्हणून सातदऱ्याचं युद्ध जून ते सप्टेंबर मुरमाच्या सडकांवर आकसतं आणि गया चार महिने जवळजवळ बेकार असते. या बेकारीच्या महिन्यांत ती आणि तिचा स्पॉटर, म्हणजे शेजारी पडून दुर्बिणीतून टेहळणी करणारा जोडीदार, एकमेकांना खऱ्या अर्थाने ओळखू लागतात.

चारशे मीटर

पहिल्या खर्ड्यातलं मध्यवर्ती वाक्य असं होतं : ‘गोळीचा आवाज ऐकून सरदाराने मान वळवली आणि त्याच क्षणी गोळी त्याच्या कपाळात शिरली.’ त्याच्या आधी लीनाला दुर्बिणीतून त्याच्या डोळ्यांत तरळलेलं पाणी दिसतं. अंतर ८०० मीटर, सरदार दौडणाऱ्या घोड्यावर.

आधी अंतर कमी केलं. त्या काळच्या रायफलने आणि साडेतीनपट दुर्बिणीने ४०० मीटर हे चांगलं, विश्वास बसेल असं अंतर आहे. आता दिसतं किती ते पाहू. १.७ मीटर उंचीचा माणूस ४०० मीटरवर उभा असेल आणि आपण हात पुरता लांब करून त्याचं माप घेतलं, तर तो तीन मिलिमीटरही भरत नाही. ज्वारीच्या दाण्याहून लहान. दुर्बिणीतून तो सेंटिमीटरभर दिसतो. चालण्याची ढब कळते, खांद्यावर रायफल आहे की कुदळ ते बहुधा कळतं, चेहरा कळत नाही. डोळ्यांतलं पाणी तर नाहीच. ओळख पटवायची तर ती ढबीवरून, लकबीवरून, बाकीचे त्याच्याशी कसे वागतात त्यावरून. लेखकाला हे तोट्याचं वाटलं. प्रत्यक्षात यातूनच गयाचं निरीक्षण जिवंत झालं : एक माणूस बोलताना बाकीचे दोन पावलं मागे उभे राहतात, म्हणजे तो अधिकारी.

आता वेळ. गोळी नळीतून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघते आणि हवेत मंदावत जाते. ४०० मीटरला साधारण ०.६ सेकंद लागतात. चाळीस अंशांच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३५५ मीटर, म्हणजे तेवढ्याच अंतराला १.१ सेकंद. गोळी आवाजाच्या अर्धा सेकंद आधी पोचते. ज्याला लागते त्याला तो बार ऐकू येतच नाही. शेजारच्यांना आधी चाबूक ओढल्यासारखा कडाका ऐकू येतो. आवाजाहून वेगात जाणाऱ्या गोळीने हवा फाडल्याचा तो आवाज, आणि तो भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. मग अर्ध्या सेकंदाने नळीचा बोजड ठोका येतो. जुने शिपाई या दोहोंतलं अंतर मनात मोजून गोळी किती लांबून आली ते सांगतात. दुसऱ्या खर्ड्यापासून गढीत असा एक म्हातारा हवालदार आला. तो गयाला कधीच पाहत नाही, फक्त तिचं अंतर मोजत राहतो. दऱ्यांतून ठोक्याचा प्रतिध्वनी येतो तेव्हा तो चुकतो, आणि गयाला ते माहीत आहे. कादंबरीतलं खरं द्वंद्व हे आहे. दोघं समोरासमोर येतात तो प्रसंग लेखकाला हवा होता. आम्ही तो नको म्हटलं.

चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो. ०.६ सेकंदात तो ८० सेंटिमीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. त्याच्या छातीवर धरलेला नेम त्याच्या पाठीमागून निघून जातो. दौडणारा घोडा तर सोडाच. शिवाय रायफल १०० मीटरला जुळवलेली असेल तर ४०० मीटरवर गोळी मीटरभर खाली आलेली असते, आणि आडवा वारा तिला वेगळंच ढकलतो. म्हणून गया थांबलेल्या माणसाची वाट पाहते : कुणी विडी पेटवायला थांबतं, कुणी बुटाचा बंद बांधायला. चुकतेही. पहिल्या खर्ड्यात तिची एकही गोळी वाया जात नव्हती. तिसऱ्यात बऱ्याच जातात, आणि प्रत्येक वाया गेलेल्या गोळीनंतर जागा सोडावी लागते, हा खरा खर्च असतो.

उन्हाळ्यात सकाळी दहा-अकरानंतर जमिनीवरची हवा थरथरू लागते. दुर्बिणीत गढीची भिंत उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते आणि लक्ष्य आहे त्याहून वर किंवा बाजूला दिसतं. नजरेची रेघ जमिनीलगत असेल तर हे जास्त, उंचावरून पाहिलं तर कमी. माळाच्या उतारावर बसण्याचं हे एक कारण. या थरथरीचा उपयोगही आहे. ती ज्या बाजूला वाहताना दिसते तिकडे वारा आहे. गयाला हे पलटणीतल्या उस्तादाने शिकवण्याआधी माहीत असतं, पण नाव माहीत नसतं.

काडतुसं उन्हात ठेवली तर तापलेली दारू जोरात जळते आणि गोळी थोडी वर लागते. पावसाळ्यात लाकडी दस्ता फुगतो आणि जुळवलेला नेम सरकतो. ही दोन्ही वाक्यं कादंबरीत एकेकदाच आली आहेत, आणि तेवढी पुरेत.

पाणी

पहिल्या खर्ड्यात लीनाच्या कमरेला एक लिटरची बाटली होती. गयाला मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, पहाटे पाचला जागेवर जाऊन अंधार पडल्यावर साडेसातला निघायचं म्हणजे चौदा तासांहून जास्त पडून राहायचं. काही न करता सावलीत पडलेल्या माणसालाही अशा हवेत तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी लागतं. सात लिटर एकाला, चौदा लिटर दोघांना, म्हणजे चौदा किलोचं ओझं रात्री चढावर न्यायचं. त्यात साडेचार किलोच्या आसपास रायफल, दुर्बिणी, काडतुसं, भाकरी.

शिवाय नळीसमोरची धूळ. सुक्या मुरमावर बार काढला की पुढे धुरळा उठतो आणि जागा उघडी पडते. हायहा बर्फ थापायचा. इथं जमीन ओली करायची किंवा ओलं फडकं पसरायचं. तेही पाणी त्याच सात लिटरांतून. घशाला की मातीला, असा प्रश्न लेखकाने दोन पानं रंगवला. त्याला आठवण करून दिली की माणूस चौदा तासांत लघवीही करतो, आणि बाटलीत साठवलेली लघवी मातीला चालते. त्याला संकोच वाटला. गयाला वाटणार नाही. शेजारी स्पॉटर आहे, तो तिच्या बापाच्या वयाचा आहे, आणि तो पाठ फिरवून पडतो. हा प्रसंग सहा ओळींचा झाला आणि पुस्तकातल्या सर्वांत सरळ, सभ्य प्रसंगांपैकी एक आहे.

पाण्याचा मार्ग गयानेच काढला. आदल्या रात्री घागर नेऊन बांधाच्या पोटात गळ्यापर्यंत पुरायची. माठ चालत नाही, तो पाझरतो. तांब्याची घागर चमकते आणि दगडावर आपटली की वाजते, म्हणून ती गोणपाटात गुंडाळायची. म्हणजे एका दिवसाच्या कामासाठी दोन रात्री. आठवड्यात गया किती वेळा जागेवर जाऊ शकते याचा आकडा यातून आपोआप ठरला, आणि ३१२ माणसांचं गणित तिथंच कोसळलं.

दोघं लागतात ते डोळ्यांमुळेही. एका दुर्बिणीतून सलग पाहत राहिलं की वीस-तीस मिनिटांनी डोळा दगा देऊ लागतो; झुडपं हलताना दिसतात. आळीपाळीने पाहावं लागतं. तिसऱ्या खर्ड्यातला हा उतारा, अंतर अडीचशे, स्पॉटरच्या हातात सहापट दुर्बीण :

लवणातली टिटवी उठली. गयाने डोळा काढला नाही.
‘मामा, कोन हाय?’
‘थांब.’ नारबामामाने दुर्बीण केसभर सरकवली. ‘दोघं यायलेत. मागं एक बैल हाय.’
‘बैल कशाला?’
‘काय की. जू न्हाई. दाव्यानं धरलाय.’
‘मंग शेतकरी असतील.’
‘बूट हायेत पायात.’
‘बूट तर माझ्याबी पायात हायेत, मामा.’

यानंतर गोळी सुटत नाही. पुढची सात पानं ते दोघं आणि तो बैल ओढा ओलांडून जाईपर्यंतची आहेत. वाचनाच्या तिसऱ्या फेरीत कुणीही पुस्तक इथं खाली ठेवलं नाही.

राखण, आकडा, कायदा

गया कुठून आली? पहिल्या खर्ड्यात लीना ‘जन्मजात अचूक’ होती. जन्मजात असं काही नसतं. पावलीचेंकोने युद्धाआधी नेमबाजीच्या क्लबात शिक्षण घेतलं होतं; पोदोल्स्कजवळ १९४३ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्त्री स्नायपरांसाठी वेगळी शाळाच काढली. गयाला लेखकाने ज्वारीच्या रानात चार काठ्यांच्या माळ्यावर बसवलं, हातात गोफण दिली. गोफणीने रायफल येत नाही, हे त्याला स्पष्ट सांगावं लागलं. अंगाची हालचाल पूर्ण वेगळी. माळ्यावरून येतं ते दुसरंच : पहाटेपासून एका जागी बसून राहणं, थव्याच्या आधी येणारा एकटा पक्षी ओळखणं, कणसांच्या डोलण्यावरून वारा कुठवर पोचला ते पाहणं, आणि अंतर पावलांत सांगणं. पलटणीतला उस्ताद तिची नेमबाजी पाहून तिला निवडत नाही. सगळ्या रंगरुटांना तासभर माळाकडे बघायला लावतो आणि काय दिसलं ते विचारतो. गया एकवीस गोष्टी सांगते. नेम तिला पुढच्या चार महिन्यांत येतो, तोही शेजारच्या पोराहून उशिराच.

मारलेल्यांचा आकडा काढून टाकावा असं आमचं मत होतं. लेखक अडून बसला, आणि त्याचं बरोबर होतं. सैन्यं आकडे मोजतात, वर्तमानपत्रं छापतात, स्नायपरला तो आकडा आयुष्यभर चिकटतो. पावलीचेंको जखमी झाल्यावर १९४२ मध्ये तिला आघाडीवरून काढून अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या दौऱ्यावर पाठवलं, ते त्या आकड्यासकट. हायहाचा आकडा ५०० च्या वर सांगितला जातो, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगळा. मुद्दा मोजण्याच्या पद्धतीचा आहे. चारशे मीटरवर माणूस खाली पडला म्हणजे मेला असं नव्हे; तो आडवा झाला असेल, जखमी असेल. म्हणून साक्षीदार लागतो. सातदऱ्यात नारबामामाच्या वहीत तीन रकाने आहेत : पडला, उचलून नेला, दिसला नाही. मुख्यालय तिन्ही रकान्यांची बेरीज करतं. गयाच्या नावावर ६४ जाहीर होतात. वहीतल्या पहिल्या रकान्यात २३ आहेत. हा फरक पुस्तकात कुणी बोलून दाखवत नाही.

उचलून नेणाऱ्यांवर गोळी घालायची का, हा प्रसंग पहिल्या खर्ड्यात शौर्य म्हणून आला होता. वैद्यकीय पथकाला आणि लढाईबाहेर पडलेल्या जखमींना संरक्षण देणारे जिनिव्हा करार १८६४ पासून आहेत, १९४९ मध्ये ते विस्ताराने पुन्हा लिहिले गेले. काल्पनिक देश त्यांवर सही करील किंवा करणार नाही, पण वाचक ते कायदे मनात घेऊनच वाचतो. स्नायपर असणं हा गुन्हा नाही; स्ट्रेचर उचलणाऱ्यावर गोळी घालणं आहे. लेखकाने प्रसंग ठेवला, कौतुक काढलं. गयाला वरून हुकूम येतो आणि ती ‘थरथर फार आहे, दिसत नाही’ असं कळवते. वेळ सकाळी सातची असते.

युद्धानंतर

पहिल्या खर्ड्यात युद्धानंतरचं आयुष्य दीड पानात संपत होतं. आता ते शंभर पानांचं आहे आणि आमच्या मते पुस्तकाचा कणा तेच आहे. हायहाच्या जबड्याला ६ मार्च १९४० रोजी गोळी लागली, शांतता झाली त्या दिवशी तो शुद्धीवर आला, आणि नंतर शेती, शिकार, कुत्री पाळणं करत २००२ पर्यंत, वयाच्या ९६ व्या वर्षापर्यंत जगला. पावलीचेंकोने इतिहासाचं राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं आणि १९७४ मध्ये अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली. युद्ध यांच्या आयुष्यातला लहान तुकडा होता.

गयाच्या शरीरात राहिलं ते कानात. रायफलचा बार कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो. १४० च्या वरचा एकेक धक्काही कानाला इजा करू शकतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान जास्त जातो, कारण दस्त्याला गाल लावला की तोच नळीच्या बाजूला येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज. देवळाची घंटा, बैलाचं हंबरणं नीट ऐकू येतं; ‘स’, ‘श’, ‘फ’ गळतात, लहान मुलांचं बोलणं निसटतं, आणि कानात एक बारीक शिट्टी सतत राहते. पंगतीत गया डाव्या टोकाला बसते, म्हणजे सगळे उजव्या बाजूला येतात. सुनेला ती माजोरडी वाटते, कारण चुलीपाशी डाव्या बाजूने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. हे भांडण पुस्तकात अकरा वर्षं चालतं आणि एकदाही कुणी कानाचं नाव घेत नाही. निवृत्तिवेतनाच्या कचेरीत मात्र कारकून ‘जखम दाखवा’ म्हणतो.

अडकलेला प्रसंग अजून एक आहे. रानडुकरं गावची ज्वारी लोळवतात, आणि पंच गयाकडे येतात : ‘आक्का, तुम्ही एकदा बसा माळावर.’ ती हो म्हणते की नाही, हे लेखकाने तीन प्रकारे लिहून पाहिलं आहे. हो म्हटलं तर रायफल कुठून येणार, हा साधा प्रश्न आधी सोडवावा लागेल; तिची रायफल सरकारजमा झाली आहे, आणि पंचाकडची ठासणीची बंदूक पन्नास मीटरपलीकडे भरवशाची नाही. म्हणजे तिला डुकरांच्या फार जवळ, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, रात्री बसावं लागेल, आणि डाव्या बाजूने आलेलं जनावर तिला ऐकू येणार नाही. नाही म्हटलं तर सून त्याचा अर्थ काय लावील ते ठरवावं लागेल. आमचा कल हो म्हणण्याकडे आहे. सून सोबत बसणार असेल तर, डाव्या बाजूला. चौथा खर्डा लेखक याच प्रसंगापासून सुरू करतो आहे.